दुसरी व्हायोला

नव्या मुलांना काम द्यायला निघालं की काम देणाऱ्यालाच हात पसरल्यासारखं वाटतं. गेल्या महिन्यात फोन कानाला लावून बसले होते तेव्हा मला हे नीट कळलं. काम साधं होतं. स्टुडिओत जायचं, पुढ्यात ठेवलेला कागद बघून वाजवायचं, मधे चहा प्यायचा आणि जाताना पैसे घ्यायचे. ओळखपाळख नको, वशिला नको. वशिला मी होतेच. तरी एक माणूस मिळेना.

मी व्हायोला वाजवते. "म्हणजे व्हायोलिनच ना?" असं सगळे विचारतात, आणि हल्ली मीही "हो" म्हणून मोकळी होते. व्हायोला ही व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने मोठी, आवाजाने जाड. घरातलं निम्मं काम तीच उरकते आणि फोटोत मात्र मागे उभी असते. गाण्यात ती कुणाला वेगळी ऐकू येत नाही. ती काढून टाकली तर गाणं पोकळ लागतं, पण का लागतं ते ऐकणाऱ्याला सांगता येत नाही.

आमच्या स्टुडिओत व्हायोलाच्या खुर्च्या दोन. एकीवर मी आणि दुसरीवर माझी जोडीदारीण, जी आता मुलाकडे राहायला गेली, कायमची. तेव्हा संयोजक मला म्हणाला, "ताई, गुरुवारी रेकॉर्डिंग आहे. दुसरी व्हायोला आणा कुठून तरी. नवीन असली तरी चालेल, फक्त कागदावरचं वाचता आलं पाहिजे." संयोजक म्हणजे गाण्यात कुणी कुठे काय वाजवायचं ते ठरवणारा माणूस. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, पण कोणत्या खुर्चीवर कोण बसणार ते तोच ठरवतो.

पहिल्या मुलाने विचारलं, "माझं नाव कुठे येईल?" म्हटलं, नाव येत नाही, पैसे येतात. तो म्हणाला, विचार करून सांगतो. त्याचा विचार अजून चालू आहे. दुसरा म्हणाला, गाणं आधी पाठवा, ते मला आतून जाणवलं पाहिजे. गाणं गादीच्या जाहिरातीचं होतं. आतून काय जाणवणार, स्प्रिंग? तिसरी यायला तयार होती, पण सगळ्यांसमोर कुणी चूक काढली तर तिचा मूड जातो म्हणे. मी म्हटलं, बाळ, मूड घरी ठेवून ये. तिने फोनच ठेवला.

मी हात टेकले. आणि हे सगळं करताना काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला आहे, हेही मला ठाऊक होतं. कळसा म्हणजे माझी भाची. धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. घरात तिला ठकू म्हणतात. हात धरून मीच तिला शिकवलं, आणि ती सुरेख वाजवते. आपला तो बाब्या म्हणून सांगत नाही; परक्याची असती तरी हेच म्हटलं असतं, आणि कदाचित जरा लवकर म्हटलं असतं. पण स्टुडिओचं नाव काढलं की बाईसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तिने तीन मैत्रिणींबरोबर एक गट काढला होता. गटाचे दोन कार्यक्रम झाले आणि दोन्हींना श्रोत्यांत आई-वडील, काका-काकू आणि मी. बाकीचा आठवडा ती वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात काचा पुसायची. आता मेहुण्यांनी दुसरं दुकान घेतलं होतं आणि पहिल्या तारखेपासून ते तिने सांभाळायचं, असं घरात ठरत आलं होतं. सकाळी उघडायचं, रात्री बंद करायचं. एकदा ती त्या गल्ल्यामागे बसली की व्हायोला कपाटावर जाणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. कपाटावर गेलेली वाद्यं मी खूप पाहिली आहेत. त्यांच्यावर पुढे सूटकेसा ठेवतात.

म्हणून मी दुकानात गेले. मेहुणे एका म्हाताऱ्या गृहस्थांना अक्षरं वाचायला लावत होते आणि ठकू फ्रेमांची धूळ झटकत होती.

"गुरुवारी मोकळी आहेस?" मी विचारलं.

"मावशी, पुन्हा नको."

"पुन्हा काय? या वेळी खुर्ची रिकामी आहे. माझ्या शेजारची. मी असेन ना बाजूला."

"ते संगीत नाही गं. ते भाड्याने वाजवणं आहे. कोण गातंय माहीत नाही, कशासाठी माहीत नाही. आणि या वेळी काय आहे?"

"एका मालिकेचं गाणं."  ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "आणि एक गादी."

"गादी?"

"रोज झोपतेस ना गादीवर? मग तिच्यासाठी चार सुरावटी वाजवल्यास तर कुठे बिघडलं?"

म्हातारे गृहस्थ अक्षरं सोडून आमच्याकडे बघायला लागले. माझा पारा चढलाच होता, तो उतरेना. मी म्हटलं, "तुमच्या पिढीला झालंय काय? वाजवायचंय पण कुणी पैसे देऊन वाजव म्हटलं की अपमान होतो. फुकट वाजवलं की कला. काकूंनी टाळ्या वाजवल्या की कला. मग जा, बस इथे, काचा पूस. त्या कुणाच्या बापाच्या आहेत ते तरी माहीत आहे तुला."

"माझ्याच आहेत," मेहुणे शांतपणे म्हणाले, आणि गृहस्थांना खालची ओळ वाचायला सांगितली. मग लेकीला म्हणाले, "जाऊन ये एकदा. डोक्यातून जाईल तरी."

मेहुण्यांचा हेतू माझ्या नेमका उलटा होता, पण दगडापेक्षा वीट मऊ. ठकूने फडकं खाली ठेवलं. "एकदाच. आणि त्यानंतर मावशी, तू मला यावरून एक शब्द बोलायचा नाहीस. मी दुकानात बसले तरी."

मी कबूल झाले. दुसरा उपायच नव्हता.

गुरुवारी गाडीत तिला सांगून सांगून माझा घसा बसला. मऊ तळव्याच्या चपला घाल, बांगड्या काढ, पेन्सिल जवळ ठेव. चुकलीस तर थांबू नकोस. आपण थांबलो की सगळ्यांना थांबावं लागतं. चूक हात वर करून मागाहून सांगायची. शेवटचा सूर संपला की रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझेपर्यंत हलायचं नाही, तारांवरचा गज खाली आणायचा नाही, हुश्श करायचं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत "हं, हं" करत होती. तिची बोटं मात्र मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेली होती, आणि ते संगीताच्या तत्त्वाचं लक्षण नव्हतं. पोरीची पाचावर धारण बसली होती. इतके दिवस तत्त्व तत्त्व म्हणून जे ऐकत होते त्यातलं निम्मं हेच होतं की काय, असं मला वाटलं, आणि पहिल्यांदा तिचा राग जरा कमी आला.

मालिकेचं गाणं सुरू झालं. आम्हा दोघींत एक माइक. पहिला टेक झाल्यावर रेकॉर्डिस्ट काचेमागच्या खोलीतून बाहेर आला, काही न बोलता ठकूची खुर्ची हातभर मागे सरकवून परत गेला. दुसऱ्या टेकनंतर तो पुन्हा आला आणि खुर्ची आणखी मागे नेली. माइकचा दांडा त्याने माझ्याकडे ओढला. तिसऱ्या खेपेला तर तिला पार दारापाशी नेऊन बसवलं, आग विझवायच्या सिलिंडरशेजारी. हा रेकॉर्डिस्ट दिवसभरात जेमतेम दहा शब्द बोलतो, आणि त्यातलेही बरेचसे चहावाल्याशी. मी कागदावर खुणा करत होते. मागे वळून बघायचं मला सुचलं नाही.

चहाची सुट्टी झाली. मी दोन कप घेऊन दारापाशी गेले तर खुर्ची रिकामी. वाद्य नाही, वाद्याची पेटी नाही. कपाळावर हात मारायलाही हात मोकळा नव्हता.

ती जिन्यात सापडली, तळमजल्याच्या शेवटच्या पायरीवर. पेटी बंद करून मांडीवर घेतलेली. डोळे लाल.

"आत पंधरा माणसं खोळंबतील आता," मी म्हटलं. "काय झालं?"

"घरी जाते. मला काढलंच आहे, फक्त तोंडाने सांगायचं बाकी आहे."

"कुणी काढलं?"

"मावशी, मी आंधळी नाहीये. आणखी एक टेक झाला असता तर त्याने मला जिन्यात बसवलं असतं. म्हटलं, आपणच येऊन बसावं."

मला आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा हसू आणि संताप दोन्ही एकदम आलं. मी तिच्या शेजारी बसले. "अगं शहाणे, ज्याचा सूर मोठा त्याला मागे बसवतात. तुझा सूर माइकमध्ये असा भरून येतोय की बाकी कुणी ऐकू येत नाही. वाईट वाजवणाऱ्याला मागे नेत नाहीत, त्याला हळूच सांगतात की तुम्ही नुसता गज फिरवा, टेकवू नका. तुला तीनदा मागे नेलं. माझ्या आयुष्यात मला दोनदाच नेलंय."

"मग सांगायचं ना तसं."

"यात सांगायचं काय? सगळ्यांना माहीत असतं."

"मला नव्हतं माहीत."

 चपला, बांगड्या, पेन्सिल, सगळं सांगितलं होतं आणि हे राहिलं होतं. ती चहा प्यायला लागली. मग म्हणाली, "तुझ्याकडे मात्र त्याने माइक जवळ आणला."

"तू मागे गेलीस म्हणून आणला. चल, ऊठ."

दुसऱ्या सत्रात गादी होती. त्यात मधेच सगळी वाद्यं थांबतात आणि एकटी व्हायोला चार ओळी वाजवते. माणूस दमून येतो आणि आडवा होतो, तेवढ्या वेळासाठी. असं एकटीचं काही आलं की ते माझ्याकडे असतं, त्यासाठी विचारावं लागत नाही. मी सवयीने गज उचलला. संयोजक काचेमागून म्हणाला, "ताई, हे मागच्यांना वाजवू द्या."

ठकूने वाजवलं. मी कान देऊन ऐकत होते, चूक काढायची म्हणून. सापडली नाही. काही घाई नाही, काही दाखवणं नाही, शेवटचा सूर तिने नुसता सोडून दिला, आणि दिवा विझेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही. मग संयोजक म्हणाला, "झालं." त्याच्या तोंडी पहिल्याच टेकला हा शब्द मी फार क्वचित ऐकला आहे. मला अभिमान वाटला. थोडं आणखीही काहीतरी वाटलं, त्याच्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

परतताना गाडीत ती बोलायची थांबेना. गादी टीव्हीवर कधी येणार, आवाज ओळखू येईल का, गटातल्या मैत्रिणींनाही आणता येईल का. घरी जाऊन तिने वडिलांना सांगितलं की दुसऱ्या दुकानासाठी माणूस बघा. मेहुण्यांनी मला फोन केला. "डोक्यातून जाईल म्हणून पाठवली होती," ते म्हणाले, "तुम्ही तर पक्की बसवून आणलीत." बोलणं कुरकुरीचं होतं, पण ते रागावले नव्हते. त्यानंतर आम्हा दोघींना आणखी काही कामं आली. पुढे बसायची मी, मागे दाराशी ती. परत येताना ती गाडी चालवायची आणि मी तिच्या चुका काढायची, वाजवण्यातल्या आणि गाडी चालवण्यातल्याही.

मग एका शनिवारी तिचा फोन आला. "मावशी, सोमवारी किती वाजता निघायचं?"

"सोमवारी काय आहे?"

 तिच्याकडे मागे वाजणारा रेडिओ तिने बंद केला.

"तुला फोन नाही आला?" ती म्हणाली.

"येईल," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग मीच संयोजकाला लावला. त्याने आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, तेव्हाच मी समजले. एवढी वर्षं त्याने माझी तब्येत कधी विचारली नव्हती. निर्माते खर्च कमी करायला सांगत आहेत, व्हायोला एकच ठेवायची ठरलं आहे, ताई, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. मी म्हटलं, गैरसमज काही नाही, समज अगदी स्पष्ट आहे. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन मी सगळी भांडी, घासलेलीसुद्धा, पुन्हा घासली.

संध्याकाळी ठकू दारात. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मी त्यांना नाही सांगतेय."

"का?"

"का म्हणजे? तू नाहीस तर मी नाही. लोक काय म्हणतील, आयत्या बिळावर नागोबा. तूच मला नेलंस आणि मी तुझीच खुर्ची घ्यायची?"

"आत ये आधी. शेजाऱ्यांना नागोबा ऐकवू नकोस."

ती आत आली, पण बसली नाही. मला वाटलं होतं की तिचं हे बोलणं ऐकून मला बरं वाटेल. क्षणभर वाटलंही. आणि मग असा काही संताप आला की हातातलं फडकं मी टेबलावर आपटलं.

"तू नाही म्हणालीस तर तो मला बोलावेल असं वाटतं तुला? तो कुणालाच बोलावणार नाही. एका खुर्चीचं शून्य होईल. गाणी पोकळ वाजतील आणि कुणाला कळणारही नाही. तुला माझ्यावर उपकार करायचेत, बरोबर? माझ्यासाठी तू दुकानात जाऊन बसणार. मग मी रोज तुला तिथे काचा पुसताना बघायचं आणि म्हणायचं, केवढी प्रेमळ पोर. मला नकोय ते प्रेम. दुकानात येऊन मी घसा फोडला तो काय माझ्या शेजारची खुर्ची रिकामी दिसते म्हणून?"

"तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतं. भरपूर वाटतं. ते माझं मी बघीन. तू फोन लाव."

"मावशी…"

"माझ्यासमोर लाव."

तिने लावला. रडक्या आवाजात "हो, सोमवारी येते" म्हणाली. संयोजकाला वाटलं असेल पोरीला सर्दी झाली. फोन ठेवल्यावर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बराच वेळ उभी होती. मी तिला थोपटलं आणि म्हटलं की सर्दीचा आवाज काढून काम घेऊ नये, पुढच्या वेळी बोलावत नाहीत.

सोमवारी तिला सोडायला मीच गेले. एकटी जाते म्हणत होती, पण तिचे हात पुन्हा मांडीवर एकमेकांत अडकले होते. स्टुडिओच्या फाटकापाशी गाडी थांबवली तरी ती उतरेना.

"तू पण चल ना आत. नुसती बस."

"मला बोलावलेलं नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी तोवर कुणासमोर उच्चारलं नव्हतं. म्हणून झालं आणि काही कोसळलं नाही. "जा. उशिरा जाणाऱ्याला ते कागदसुद्धा नीट देत नाहीत."

ती पेटी छातीशी धरून आत गेली. मी गाडी सुरू करायला हवी होती. काच खाली करून तशीच बसले. स्टुडिओच्या भिंती आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच जाड बांधलेल्या असतात. कान कितीही दिला तरी रस्त्यावरच्या रिक्षा आणि कुठेतरी चालू असलेलं भिंत फोडायचं मशीन, यापलीकडे काही ऐकू येत नव्हतं. ती कशी वाजवत होती ते मला कळणार नव्हतं, आणि यापुढेही बहुतेक वेळा कळणार नव्हतं.

फाटकावरचा रखवालदार बाहेर आला. इतकी वर्षं मला आत सोडणारा तोच. माझ्या बाजूच्या मोकळ्या सीटकडे बघून म्हणाला, "काय ताई, आज बाहेरच? काम नाही वाटतं?"

"आहे की," मी म्हटलं. "आत चालू आहे."